खानदेशातल्या रॅप लेबलचा कंपायलेशन अल्बम कसा काढायचा, पहिल्या मीटिंगपासून पहिल्या हिशोबापर्यंत

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून मला सारखा एकच प्रश्न येतो, की दादा आमची दहा-पंधरा पोरं आहेत, सगळे रॅप करतात, लेबलचं नाव पण ठरलंय, आता सगळ्यांचा मिळून एक अल्बम काढायचाय तर सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो. आम्ही असा अल्बम काढलाय, दहा गाणी, चौदा आर्टिस्ट, अमळनेरपासून शहाद्यापर्यंतची पोरं-पोरी, आणि जिथं जिथं अडकलो ते पण यात सांगतो म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. धुळ्याच्या पोराचा फॅन त्याचं गाणं ऐकायला आला आणि जाताना भुसावळच्या पोरीला फॉलो करून गेला, तर तुमचं कंपायलेशन जमलं. तसं होत नसेल तर तो फक्त एक फोल्डर आहे, आणि त्यापेक्षा प्रत्येकाने आपापलं सिंगल काढलेलं बरं. पुढचं सगळं मी याच एका कसोटीवर सांगतोय.

गाणी कशी जमवायची

सगळ्यात मोठी चूक इथंच होते. ग्रुपवर मेसेज टाकायचा की प्रत्येकाने एक गाणं पाठवा, आणि येतील ती गाणी लावून टाकायची. मग काय होतं, प्रत्येक जण आपलं उरलेलं गाणं पाठवतो, चांगलं स्वतःच्या चॅनलसाठी ठेवतो. त्यात पोरांचा दोष नाही, तुम्ही मागितलंच तसं.

एकत्र बसून बनवा. अमेरिकेतल्या ड्रीमव्हिल लेबलने २०१९च्या जानेवारीत अटलांटात दहा दिवस स्टुडिओ घेतला, शेकडो आर्टिस्ट आणि प्रोड्यूसर बोलावले, १४२ गाणी रेकॉर्ड झाली आणि अल्बममध्ये लागली फक्त १८. आपल्याकडे तेवढा पैसा नाही पण पद्धत तीच ठेवता येते. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत चोपड्याकडे एका मित्राच्या मळ्यात चार दिवस बसलो, एक लॅपटॉप, एक माइक, दोन हेडफोन, रात्री भरीत आणि कळण्याची भाकरी, आणि चार दिवसांत २६ गाण्यांचे कच्चे टेक झाले. त्यातली दहा ठेवली. १६ गाणी सोडताना वाईट वाटतं पण ती वाया जात नाहीत, पोरं नंतर सिंगल म्हणून काढतात.

आणि मळ्यात बसायच्या आधीच एक नियम सांगून ठेवा, निम्म्या गाण्यांवर दोन वेगवेगळ्या तालुक्यांचे आर्टिस्ट पाहिजेतच. हे जबरदस्तीचं वाटतं पण यानेच अल्बम अल्बम होतो. आमच्याकडे शिरपूरचा पोरगा अहिराणीत लिहितो आणि रावेरची पोरगी लेवा बोलीत, दोघं याआधी एकमेकांना फक्त इन्स्टावर ओळखत होते, आणि त्यांचं एकत्र गाणं हे अल्बममधलं सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं गाणं आहे.

अहिराणीत लिहिणाऱ्यांसाठी थोडं थांबून सांगतो कारण हे कोणी सांगत नाही. आपल्या भाषेत वर्तमानकाळ 'स'वर संपतो, मी करस, तू करस, तो करस, मग फिरस, धरस, मरस, भरस असं यमक आपोआप लागत जातं. ऐकणाऱ्याला पहिल्या चार ओळी मस्त वाटतात, आठव्या ओळीला कान दमतो. मी प्रत्येकाला सांगतो की क्रियापद ओळीच्या मधे टाक आणि शेवटी वस्तूचं नाव येऊ दे, केळीचा घड, गिरणा किंवा पांझरा नदी, रोट, सालदार, काहीपण पण दिसणारं. तेच गाणं एका रात्रीत बदलतं. २०११च्या जनगणनेत खानदेशी (अहिराणी त्यातच धरलीय) बोलणारे १८ लाखांच्या वर नोंदलेत, म्हणजे ऐकणारे भरपूर आहेत, आणि त्यांच्या कानावर लग्नातली अहिराणी डीजे गाणी रोज पडतात, त्यापेक्षा वेगळं काहीतरी द्यायचं असेल तर ते शब्दांतूनच येणार.

कागद, आणि तो गाणं बनलं त्याच रात्री

माझं म्हणणं सरळ आहे, गाण्याचा टेक झाला की झोपायच्या आधी स्प्लिट शीट भरायची. एका कागदावर गाण्याचं नाव, प्रत्येकाचं पॅन कार्डावरचं नाव, स्टेजवरचं नाव, शब्द कोणी लिहिले, बीट कोणी केलं, कोणाचा किती टक्के, बेरीज १०० आली पाहिजे, खाली सगळ्यांच्या सह्या आणि तारीख. दहा मिनिटांचं काम. गाणं चाललं की मग कोणाला आठवत नाही हुक, म्हणजे गाण्यात परत परत येणारी ओळ, कोणी सुचवला होता, आणि चांगल्या दोस्त्या तिथं तुटतात.

यात दोन गोष्टी वेगळ्या लिहायच्या. एक म्हणजे रचना, म्हणजे शब्द आणि संगीत. दुसरं म्हणजे मास्टर, म्हणजे जी फाइल रेकॉर्ड होऊन बाहेर जाते ती. स्टुडिओचा खर्च लेबलने केला तर मास्टरमध्ये लेबलचा वाटा असणं योग्य आहे, पण शब्द पोराचेच राहतात. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ला जी दुरुस्ती झाली त्यानंतर शब्द लिहिणाऱ्याचा आणि संगीत करणाऱ्याचा रॉयल्टीतला हक्क लेबल स्वतःच्या नावावर लिहून घेऊच शकत नाही, तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. ती सोसायटी म्हणजे आयपीआरएस, १९६९पासून आहे, गीतकार-संगीतकारांनी तिथं मेंबर व्हायलाच पाहिजे आणि तुम्ही लेबल म्हणून त्यांना फॉर्म भरायला मदत करा.

लेबलसोबतच्या करारात किती वर्षं आणि कुठल्या देशांसाठी हे स्पष्ट लिहा. लिहिलं नाही तर कायद्याने मुदत ५ वर्षं धरतात आणि हद्द फक्त भारत, मग तुम्ही जगभर गाणं लावून बसलेले आणि कागदावर मात्र तसं काही नाही. मी तर म्हणतो हक्क विकत घेऊच नका, पाच वर्षांचं लायसन्स घ्या, पोरांना पण मोकळं वाटतं.

आर्टिस्ट १८च्या खाली असेल तर त्याच्या सहीला करार म्हणून किंमत नाही, १८७२च्या करार कायद्यात अज्ञान, म्हणजे वयात न आलेली, व्यक्ती करारच करू शकत नाही. आमच्यात एक सतरा वर्षांचा होता, साक्रीकडचा. आम्ही त्याच्या घरी गेलो, चहा झाला, मी कागद वाचून दाखवला, आणि त्याच्या आईने पहिला प्रश्न विचारला की भाऊ याचे पैसे आम्हाला भरावे लागतील का. तिला नीट समजावलं की भरायचे काही नाहीत, आले तर त्याला मिळतील, मग वडलांनी सही केली. घरी जाच. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून सही मागवू नका, पोरगं रात्री-बेरात्री रेकॉर्डिंगला येतं तेव्हा घरच्यांना आपला चेहरा माहीत असला पाहिजे.

बीटचं प्रकरण. यूट्यूबवरून उचललेलं टाइप बीट, म्हणजे एखाद्या मोठ्या रॅपरच्या स्टाइलचं तयार बीट, 'फ्री' लिहिलेलं असतं तरी ते बहुतेक वेळा कमाई न करण्याच्या अटीवर फ्री असतं. तीस डॉलरचं लीज, म्हणजे वापरायची परवानगी, घेतलं तरी तेच बीट जगात अजून शंभर जणांनी घेतलेलं असू शकतं, त्यात किती स्ट्रीमपर्यंत चालेल याची मर्यादा असते, आणि असं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे कोणाचा आवाज कुठं वापरलाय ते आपोआप पकडणाऱ्या सिस्टिममध्ये, टाकता येत नाही. टाकलं तर दुसऱ्याच्या गाण्यावर तुमचा क्लेम जातो आणि त्याचा तुमच्यावर येतो. आमच्या आधीच्या एका सिंगलवर असाच क्लेम आला आणि तीन आठवडे गाण्याची कमाई अडकून पडली होती. म्हणून कंपायलेशनमध्ये एकही लीजवालं बीट घेऊ नका, आपल्या पट्ट्यात आता चांगले प्रोड्यूसर आहेत, त्यांना बीटचे पैसे आणि वाटा दोन्ही द्या.

लोकगीतांचं पण असंच. कानबाई या आपल्या खानदेशी देवीची गाणी परंपरेची आहेत, ती कोणाच्या मालकीची नाहीत, पण कोणीतरी रेकॉर्ड करून चॅनलवर टाकलेली फाइल ही त्या माणसाची आहे, ती कापून सॅम्पल करायची नाही. त्यापेक्षा श्रावणात कानबाई बसते तेव्हा स्वतः जा, बायांना विचारा, रेकॉर्ड करा, त्यांना मानधन द्या आणि क्रेडिटमध्ये त्यांची नावं लिहा. पावरी, ढोल, संबळ वाजवणाऱ्यांचं पण तसंच. आवाज पण कितीतरी चांगला मिळतो.

पैशाचं गणित आधी मांडा

आमच्यात यावर दोन रात्री वाद झाला, त्यातून निघालेली पद्धत सांगतो. पहिले जो खर्च झाला तो बिलांसकट शीटमध्ये लिहायचा आणि सगळ्यांना दाखवायचा. कमाई आली की आधी तो खर्च फिटतो. उरलेल्यातले ३० टक्के लेबलचे, ७० टक्के आर्टिस्टचे. आता त्या ७० टक्क्यांचे दोन भाग करायचे, अर्धा भाग सगळ्या गाण्यांत सारखा वाटायचा आणि अर्धा स्ट्रीमप्रमाणे.

समजा खर्च फिटून ४० हजार उरले. लेबल १२ हजार, आर्टिस्ट २८ हजार. त्यातले १४ हजार दहा गाण्यांत सारखे, म्हणजे गाण्याला १,४००. उरलेले १४ हजार स्ट्रीमवर, तर ज्या गाण्याला ४० टक्के स्ट्रीम आले त्याला ५,६०० मिळून एकूण ७ हजार, आणि ज्याला फक्त २ टक्के आले त्याला २८० मिळून १,६८०. मग गाण्याच्या आत स्प्लिट शीटप्रमाणे. ज्याचं गाणं चाललं त्याला जास्त मिळतं पण नवीन पोरगं रिकाम्या हाताने जात नाही, आणि मोठ्या नावाला पण हे पटतं कारण त्याला इतर नऊ गाण्यांच्या ऐकणाऱ्यांचा फायदा होतोच. पूर्ण सारखं वाटलं तर मोठा नाराज, पूर्ण स्ट्रीमवर वाटलं तर नवीन पोरं पुढच्या वेळी येणार नाहीत.

रेकॉर्डिंग

महागडा स्टुडिओ लागत नाही, शांत खोली लागते. मागं आणि दोन्ही बाजूंना गोधड्या आणि गाद्या लावा, माइकपासून तोंड एक वीत, मधे पॉप फिल्टर, फोन फ्लाइट मोडवर. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, लेव्हल उणे १० डीबीच्या आसपास ठेवा, लाल लागू देऊ नका. उन्हाळ्यात करणार असाल तर आधीच सांगतो, आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो आणि कूलर चालू ठेवून टेक घेता येत नाही, कूलरचा आवाज नंतर कितीही साफ केला तरी शब्दांच्या शेवटी राहतोच. आम्ही पहाटे साडेचार ते आठ रेकॉर्डिंग करायचो. भुसावळला रुळाजवळ राहणारा एक जण होता, त्याने मालगाड्यांच्या मधल्या वेळेत अख्खं व्हर्स दिलं, दर वेळी हॉर्न आला की थांबायचं आणि परत त्याच ओळीपासून.

वेगवेगळ्या गावांतून फाइल येणार असतील तर सगळ्यांना एकच नियम द्या. फाइलच्या नावात आर्टिस्ट, गाणं, बीपीएम (मिनिटाला किती ठोके, म्हणजे गाण्याचा वेग). प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून एक्सपोर्ट करा, पोराचं व्हर्स दीड मिनिटाला येत असलं तरी, म्हणजे मिक्स करणाऱ्याला, सगळे ट्रॅक जुळवणाऱ्याला, जागा शोधत बसावं लागत नाही. आणि व्हॉट्सॲपवरून ऑडिओ म्हणून पाठवायची नाही, ड्राइव्हवर वेव्ह फाइल टाका.

मिक्स वेगवेगळ्या लोकांनी केलं तर चालेल, मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात, मात्र सगळ्या दहा गाण्यांचं एकाच माणसाने एकाच बैठकीत करायचं. यात पैसे वाचवू नका. एका गाण्यावरून दुसऱ्यावर गेलं की आवाज एकदम खाली पडला तर माणूस स्किप करतो, आणि स्किप झाला तो नेमका नवीन पोरगाच असतो. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसला (हे आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आवाज आणून ठेवतं, त्यामुळं गाणं उणे ८पर्यंत दाबून काही मिळत नाही, ते खालीच ओढलं जातं आणि ड्रमचा मार मात्र गेलेला असतो. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात वरचं टोक, उणे १ डीबीला ठेवा. १०० हर्ट्झच्या खालचा बेस मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरला सारखा, ठेवा कारण ही गाणी फोनवर पण वाजणार आहेत आणि लग्नातल्या डीजेच्या गाडीवर पण. तपासायचं असेल तर फोनचा स्पीकर, रिक्षातला ब्लूटूथ आणि एखाद्या ओळखीच्या डीजेचा सेटअप, या तीन ठिकाणी ऐका.

क्रम

माझ्या मते अख्ख्या कामात विचार करण्यासारखी जागा हीच, आणि सगळे इथं पाच मिनिटं देतात. आमच्याकडे पण प्रत्येकाचा फोन आला, 'दादा, मन्हं गानं पहिलं ठेवजो.' मी सगळ्यांना एकच समजावलं. मोठ्या नावाचं गाणं कुठंही ठेवलं तरी लोक सर्च करून येणारच. ते संपल्यावर आपोआप पुढचं गाणं सुरू होतं, ती जागा सोन्याची. त्यामुळं मोठ्या नावाच्या लगेच मागं सगळ्यात नवीन पोरगं. साक्रीच्या त्या सतरा वर्षांच्या पोराचं गाणं आम्ही तसंच ठेवलं.

पहिलं गाणं असं पाहिजे ज्यात जास्तीत जास्त आर्टिस्ट आहेत, सायफरसारखं, प्रत्येकाच्या आठ ओळी, म्हणजे सगळे आवाज एकदा कानावरून जातात. दोन सारख्या बीपीएमची आणि सारख्या विषयाची गाणी शेजारी नकोत. गाण्यांच्या मधे काही जोडायचं असेल तर न्यूयॉर्कच्या रॉकस रेकॉर्ड्सने १९९७ला काढलेलं साउंडबॉम्बिंग ऐका, डीजे इव्हिल डीने सगळी गाणी मिक्सटेपसारखी एकमेकांत ओवलीत, वेगवेगळे आर्टिस्ट असून एकाच घरातले वाटतात. आम्ही एसटी स्टँडवरची गर्दी, केळीच्या ट्रकचं लोडिंग, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरची गाणी असे छोटे तुकडे घेतले. इथं एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा, स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्यावर एक स्ट्रीम मोजतात, म्हणून वीस सेकंदांचा तुकडा वेगळा ट्रॅक केला तर त्याचं काही मिळत नाही. तो आधीच्या गाण्याच्या शेवटी जोडा. पण जे गाणं आधी सिंगल म्हणून आलंय त्याला जोडू नका, का ते खाली.

माहिती भरताना

सिंगल आधी काढा, दोन किंवा तीन, प्रत्येक आर्टिस्टच्या स्वतःच्या नावावर. कारण अल्बममध्ये चार किंवा जास्त मुख्य आर्टिस्ट असले की अल्बमवर व्हेरियस आर्टिस्ट्स असं नाव जातं, आणि मग स्पॉटिफायवर तो अल्बम आर्टिस्टच्या पानावर खाली 'अपिअर्स ऑन'मध्ये जातो, वर दिसत नाही. सिंगल असेल तर ते त्याच्या पानावर वर राहतं. अल्बममध्ये तेच गाणं टाकताना तोच आयएसआरसी नंबर (तो काय ते खाली) आणि तीच फाइल वापरा, तरच दोन्हीकडचे स्ट्रीम एकत्र धरले जातात. शेवटी काही जोडलं तर ती फाइल वेगळी झाली.

आयएसआरसी म्हणजे रेकॉर्डिंगचा १२ अक्षरांचा नंबर, गाण्यागणिक वेगळा. भारतात तो आयएमआय ही म्युझिक कंपन्यांची संस्था देते, पण डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे आपली गाणी स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोचवणारी कंपनी, पण देतो, सुरुवातीला तेच बास. एका शीटमध्ये सगळे नंबर लिहून ठेवा, उद्या डिस्ट्रिब्यूटर बदलला तर हेच नंबर पुढं न्यायचे. अख्ख्या अल्बमला एक यूपीसी, म्हणजे अल्बमचा नंबर, असतो.

आर्टिस्टच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकदा ठरलं की तेच सगळीकडे. अपलोड करताना त्याच्या प्रोफाइलची लिंक द्या, नाहीतर त्याच नावाच्या दुसऱ्या देशातल्या माणसाच्या पानावर गाणं जाऊन बसतं. गीतकाराच्या रकान्यात पूर्ण खरं नाव, स्टेजचं नाही. शिवी असेल तर एक्स्प्लिसिट टिक करा. आमच्या डिस्ट्रिब्यूटरच्या भाषांच्या यादीत अहिराणी नव्हती, मराठी निवडावं लागलं, म्हणून गाण्याचे शब्द प्रत्येक ठिकाणी देवनागरीत भरलेच, म्हणजे निदान शब्द शोधल्यावर सापडतात.

कव्हर ३०००×३००० पिक्सेलचं चौकोनी. त्यावर फोन नंबर, इन्स्टा आयडी, यूट्यूबचा लोगो काहीही नको. आमचं पहिलं कव्हर बुकिंगचा नंबर टाकल्यामुळं परत आलं आणि चार दिवस गेले.

तारीख आणि कार्यक्रम

फाइल तारखेच्या चार आठवडे आधी अपलोड करा. सिंगल असेल तर रिलीजच्या किमान सात दिवस आधी आर्टिस्टने स्वतःच्या स्पॉटिफाय अकाउंटवरून पिच करायचं (स्पॉटिफायच्या टीमला गाणं सुचवायचं), म्हणजे ते त्याच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये, नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये, येतं. २०१५पासून जगभर शुक्रवार हाच रिलीजचा दिवस धरतात, पण आपल्याकडे मी कॅलेंडर बघून सांगेन. आखाजीच्या आसपास काढा, पोरी माहेरी आलेल्या असतात, बाहेरगावी कामाला असलेले घरी येतात, प्रत्येक घरात चार फोन जास्त असतात. परीक्षेत नको, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तर आमच्या निम्म्या पोरांना स्वतःलाच वेळ नसतो.

लाँचला स्टेज मोठं नको, माइक चांगला पाहिजे. उघड्यावर असेल तर लाउडस्पीकरची पोलीस परवानगी आधी काढा आणि रात्री १०ला बंद म्हणजे बंद, २०००च्या ध्वनी प्रदूषण नियमांत तसं आहे. म्हणून संध्याकाळी सहालाच सुरू करा. क्रम अल्बमचाच ठेवा, आणि मोठ्या नावाला स्वतः नवीन पोराचं नाव घेऊन स्टेजवर बोलवायला सांगा. आमच्याकडे त्या साक्रीच्या पोराला असं बोलवलं तेव्हा त्याची आई पुढच्या रांगेत बसली होती, तिने पदर तोंडाला लावला आणि गाणं संपेपर्यंत तसाच ठेवला.

हिशोब

डिस्ट्रिब्यूटरचे आकडे दोन-तीन महिने उशिरा येतात, हे पोरांना पहिल्या दिवशीच सांगा नाहीतर दुसऱ्या आठवड्यापासून पैसे विचारतात. दर तीन महिन्यांनी एक तारीख ठरवा आणि आकडे कितीही छोटे असले तरी त्या तारखेला शीट ग्रुपवर टाका. आमच्या पहिल्या शीटमध्ये खर्चही फिटला नव्हता, तरी टाकली, आणि कोणी एक शब्द बोललं नाही कारण बिलं सगळ्यांनी आधीच बघितली होती.

त्याच वेळी शहरांची यादी पण बघा, आर्टिस्ट अकाउंटवर दिसते. आम्हाला वाटलं होतं जळगाव, धुळे वर असेल, पण पुणे आणि सुरत वर होतं. सुरतेत उधना, लिंबायतकडे आपली किती माणसं आहेत हे सगळ्यांना माहीत असून कार्यक्रम लावताना कोणाच्या डोक्यात आलं नाही. आता नवापूरहून गाडी धरून आठ जण जाणार आहोत, तिकडच्या एका मंडळाने हॉल दिलाय, आणि सुरुवात त्याच सायफरने करायची ठरलीय.